रंगीत पेन्सिल-चित्रणातील मासे व जलप्रतिबिंबे

खरबरीत पृष्ठाच्या जाड बोर्डावर रंगीत पेन्सिलींनी पाणी, पाण्यातील मासे आणि पाण्यावर उमटलेली प्रतिबिंबे रेखाटण्याचा चित्रप्रकार. या विषयात चित्राच्या एकाच जागी तीन गोष्टी येतात : पाण्याचा पृष्ठभाग व त्यावरचे तरंग, त्या पृष्ठभागाने परतवलेले आकाश व झाडे, आणि त्याखालून दिसणारा मासा. डच चित्रकार एम. सी. एशर यांच्या ‘तीन विश्वे’ या 1955 मधील शिलामुद्रणात (लिथोग्राफमध्ये) हे तिन्ही स्तर वेगवेगळे वाचता येतात : तरंगती पाने, झाडांची प्रतिबिंबे आणि पाण्याखालचा मासा. रंगीत पेन्सिलीने काम करणाऱ्यालाही हाच प्रश्न सोडवायचा असतो. त्यात रंगाची आणि बोर्डाच्या पोताची भर पडते.

इतिहास : रंगीत पेन्सिलीचा उगम केव्हा मानावा, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. रंगीत खडूने रेखाटन करण्याची प्रथा युरोपात प्रबोधनकाळापासून रूढ होती. लाल, काळा व पांढरा अशा तीन खडूंनी केलेली रेखाटने 18व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये विशेष लोकप्रिय झाली. काही लेखक रंगीत पेन्सिलीची वंशावळ येथूनच सुरू करतात. मात्र खडू ठिसूळ असतो, त्याचे टोक फार वेळ टिकत नाही आणि त्यात मेणाचा अंश नसतो. त्यामुळे हे मत फार ताणलेले वाटते. यॉर्क येथील चित्रकार टॉमस बेकविथ यांनी 18व्या शतकाच्या उत्तरार्धात चाकूने तासता येतील आणि पेन्सिलीसारखे टोक धरतील अशा कठीण केलेल्या रंगकांड्यांचे एकस्व (पेटंट) मिळवले होते. तो दुवा अधिक महत्त्वाचा असून सर्वसाधारण आढाव्यांत तो बहुधा गाळला जातो.

फ्रान्समधील निकोला-झाक काँते यांनी 1795 मध्ये ग्रॅफाइटची पूड व चिकणमाती एकत्र करून भट्टीत भाजण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. काळी पेन्सिल त्यामुळे हवी तितकी कठीण वा मऊ करता येऊ लागली, पण ही रीत रंगीत पेन्सिलीला लागू पडली नाही, कारण बहुतेक रंगद्रव्ये त्या तापमानाला टिकत नाहीत. म्हणूनच पेन्सिलीतले रंगीत शिसे भाजले जात नाही. रंगद्रव्य, केओलिन (पांढरी चिनी माती) किंवा शंखजिऱ्यासारखे भरणद्रव्य आणि डिंकासारखा बंधक यांचा लगदा साच्यातून दाबून काढतात, वाळवतात आणि त्यात मेण वा तेल मुरवतात. न्यूरेंबर्गच्या योहान झेबास्टियान श्टेट्लर यांनी 1834 मध्ये अशी पेन्सिल सिद्ध केली, असे त्यांच्या नावाने चालणारी कंपनी सांगते. या दाव्याकडे एका उत्पादकाचा दावा म्हणूनच पाहणे बरे. चित्रकारांसाठी खास बनवलेल्या पेन्सिलींचा काळ मात्र बऱ्याच निश्चितपणे 20व्या शतकाचा पूर्वार्ध ठरतो : फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमोस (1908), कारान दाशची पाण्यात विरघळणारी प्रिस्मालो (1931) आणि अमेरिकेतील ईगल कंपनीची प्रिस्माकलर (1938). लाकडी आवरण व स्निग्ध बंधक या दोन्ही अटी धरल्या, तर आजच्या अर्थाची रंगीत पेन्सिल 19व्या शतकाच्या मागे नेणे कठीण आहे. स्वतंत्र कलामाध्यम म्हणून तिला संघटित पाठबळ त्याहून बरेच उशिरा मिळाले. अमेरिकेतील रंगीत पेन्सिल-चित्रकारांची संस्था 1990 मध्ये स्थापन झाली.

बोर्ड : माउंटबोर्ड, खरबरीत जलरंग-कागद चिकटवलेला पुठ्ठा आणि संगमरवराच्या भुकटीचा लेप दिलेला हार्डबोर्ड हे प्रकार प्रचलित आहेत. पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली, की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांत बोर्डाचा मूळ रंग उघडा राहतो. पुढच्या थरांना टोकदार पेन्सिल लागते, तीच खळग्यांत उतरते. खळगे मेणाने भरले, की पृष्ठ निसरडे होते आणि नंतरचा रंग बसत नाही, घसरतो. खोल पोताचा बोर्ड जास्त थर पेलतो ते यामुळे. त्याची किंमत पेन्सिलीला मोजावी लागते : लेप दिलेल्या बोर्डावर ती भराभर झिजते आणि सुटलेली भुकटी मऊ ब्रशने झाडावी लागते. हाताने पुसली तर डाग पसरतो. हार्डबोर्डावर पात्याने खरवडून पुन्हा पांढरी रेघ काढता येते, माउंटबोर्डावर मात्र खरवडल्यास पृष्ठाचे तंतू उठतात. पांढरी पेन्सिल खालचा गडद रंग झाकत नाही, म्हणून पाण्यावरची चमक आरंभीच राखून ठेवतात.

प्रकाश व प्रतिबिंब : पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 2 टक्केच परावर्तित होतो. उभ्या रेषेशी 60 अंशांचा कोन असता हे प्रमाण सुमारे 6 टक्के आणि 80 अंशांवर सुमारे 35 टक्के होते. म्हणून चित्रात पायाजवळच्या पाण्यात तळ व मासे दिसतात आणि दूरच्या पाण्यात जवळजवळ केवळ आकाश. दुसरी गोष्ट याहून कमी लक्षात घेतली जाते. मासा दिसणे-न दिसणे हे त्याच्यावर कोणते प्रतिबिंब पडले आहे यावरही अवलंबून असते. उजळ आकाशाच्या प्रतिबिंबाखाली तो हरवतो, गडद झाडाच्या प्रतिबिंबाखाली त्याचे रंग खुलतात. कार्प मासा अर्धा झाडाच्या प्रतिबिंबात आणि अर्धा आकाशाच्या पट्ट्यात असेल, तर एका बाजूला खवल्यांची ओळन् ओळ मोजता येईल आणि दुसऱ्या बाजूला करड्या निळ्यात बुडालेली पाठीची नुसती चाहूल उरेल. पूर्ण मासा आधी सारख्याच तपशिलाने काढून त्यावर ‘पाणी चढवण्याची’ पद्धत येथे फसते.

प्रतिबिंब म्हणजे उलटे ठेवलेले दृश्य नव्हे. काठावरच्या खांबाचे टोक पाण्याच्या पातळीच्या जितके वर, तितकेच त्याचे प्रतिबिंब खाली पडते. आपल्याकडे झुकलेल्या वेताचे प्रतिबिंब वेतापेक्षा लांब दिसते, पलीकडे झुकलेल्याचे आखूड. मागे सरकून उभ्या असलेल्या वस्तूचा खालचा भाग काठाआड जातो आणि प्रतिबिंबात येतच नाही. छायाभेदाबाबत सर्वसाधारण नियम असा, की उजळ वस्तूचे प्रतिबिंब किंचित मंद आणि गडद वस्तूचे किंचित उजळ असते, कारण पाण्यातून वर येणारा प्रकाश त्यात मिसळतो. तरंग असता प्रतिबिंब प्रेक्षकाच्या दिशेने उभे ताणले जाते, त्याच्या कडा आडव्या तुटतात, पण रुंदी फारशी वाढत नाही.

पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) सुमारे 1.33 असल्याने वरून पाहता खोली तीनचतुर्थांशच भासते आणि तिरक्या नजरेला त्याहूनही कमी. त्यामुळे काठावरून दिसणारा मासा प्रत्यक्षाहून चपटा व पृष्ठाजवळ दिसतो. संदर्भासाठी छायाचित्र वापरताना ध्रुवण-फिल्टरची (पोलरायझिंग फिल्टरची) काळजी घ्यावी. उभ्या रेषेशी 53 अंशांच्या आसपास तो परावर्तन जवळजवळ पुसून टाकतो. मासा स्वच्छ मिळतो, पण चित्रविषयाचा अर्धा भाग जातो. फिल्टरसह व फिल्टरविना अशी दोन्ही छायाचित्रे घेणे इष्ट.

माशाचे अंग : खवल्यांची रुपेरी झाक ग्वानीन या द्रव्याच्या पातळ स्फटिकांमुळे येते. ती रंग नसून आरसा आहे आणि भोवतालचे हिरवे-निळे पाणी तीत उतरते. निव्वळ करड्या पेन्सिलीने भरलेला मासा निर्जीव दिसतो तो यामुळे. बहुतेक माशांची पाठ गडद व पोट फिके असते. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेअर यांनी 1896 मध्ये या छटाक्रमाचे संरक्षक कार्य विशद केले. वरून प्रकाश पडत असताना हा क्रम शरीराचा गोलवा सपाट करतो. चित्रकाराने तो गोलवा सरावाने परत आणला, तर मासा पाण्यातला राहत नाही.

घोटण्याविषयीचे मतभेद : फिकी पेन्सिल दाबून फिरवत पोत बुजवणे, म्हणजे घोटणे, हे माशाला चमक आणण्याचे साधन म्हणून पुष्कळदा शिकवले जाते. दुसऱ्या मतानुसार घोटाई पृष्ठभागावरच्या चमकेसाठी राखावी आणि बुडालेल्या माशाच्या अंगावर बोर्डाचा दाणा दिसू द्यावा. खरबरीत बोर्डाच्या संदर्भात हे दुसरे मत अधिक ग्राह्य आहे. पाण्याखालील वस्तूच्या कडा मऊ असतात, तिच्यातील छायाभेद आवळलेला असतो, आणि तुटक दाण्याने या दोन्ही गोष्टी आपोआप साधतात. घोटलेला मासा पाण्याबाहेर काढून ठेवल्यासारखा दिसतो. पाण्याचा पृष्ठभाग भेदून वर आलेला माशाचा पर (फिन) किंवा ओठ याला अपवाद, तेथे धारदार कड व घट्ट रंग हवाच. डोळ्यातला प्रकाशबिंदू मात्र मासा बुडालेला असेल तर सहसा अनावश्यक असतो, कितीही मोह झाला तरी.

द्रावकाने रंग विरघळवून खळगे भरण्याची रीत गडद प्रतिबिंबांच्या पहिल्या थरासाठी उपयोगी आहे. एरवी ती पोत झाकते.

जतन : मेणाचे प्रमाण जास्त असलेल्या पेन्सिलींच्या गडद भागांवर कालांतराने पांढुरका थर येतो. तो मऊ कापडाने हलकेच पुसता येतो आणि फवाऱ्याच्या स्थिरकाने रोखता येतो. काही गुलाबी व जांभळ्या छटा प्रकाशात लवकर विटतात. पेन्सिलींच्या प्रकाशस्थिरतेसाठी एएसटीएम या मानकसंस्थेचे डी 6901 हे मानक आहे. चौकटीत बसवताना काच चित्राला टेकू देत नाहीत, मधे माउंटची पट्टी ठेवतात.