ताप उतरतो त्या दिवशी

आपल्या घरांत तापाचा शेवट ठरलेला असतो. रात्री दरदरून घाम फुटतो, अंग गार पडतं आणि सकाळी आई कपाळावर हात ठेवून म्हणते, ‘उतरला बाई एकदाचा.’ मग मऊ भात, मेतकूट, लिंबाचं लोणचं. बहुतेक तापांच्या बाबतीत हे खरंच असतं. डेंग्यूत मात्र हाच अनुभव घात करू शकतो, आणि परक्या देशात एकट्या पडलेल्या माणसाचा तर जास्तच.

समजा, पुण्याची एक मुलगी ऑगस्टमध्ये थायलंडला एकटीच फिरायला गेली आहे. ते तिथले पावसाचे, डासांचे दिवस. बँकॉक बघून झालं, आता मुक्काम चियांग माईला. सोमवारी संध्याकाळी ती एकाएकी तापाने फणफणते. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर धरलेली, पाण्याचीही चव नको. तीन दिवस गेस्ट हाऊसच्या खोलीत पडून काढल्यावर शुक्रवारी सकाळी अंग गार लागतं. घरी फोन जातो, ‘आई, ताप उतरला.’ दोघींनाही हायसं वाटतं आणि ती शनिवारच्या विमानासाठी बॅग भरायला घेते. डेंग्यूतले सगळ्यात नाजूक 24 ते 48 तास साधारण याच वेळी सुरू होतात.

या तासांत शरीरात काय होतं ते बघू. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला शर्करायुक्त रेणूंचं एक अतिशय पातळ अस्तर असतं. रक्तातलं पाणी नि प्रथिनं आत धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. डेंग्यूचा विषाणू ज्या पेशींत वाढतो, त्या पेशी एनएस-1 नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. हे प्रथिन अस्तराला इजा करतं. त्यात आपली प्रतिकारयंत्रणाही विषाणूवर तुटून पडलेली असते आणि तिच्या रसायनांनी वाहिन्या आणखी सैल होतात. विषाणू ओसरतो म्हणून ताप जातो, पण झिरपणं तेव्हाच जोर धरू शकतं. रक्तद्रव वाहिन्यांतून निसटून पोटात नि छातीच्या पोकळीत साचतो. तांबड्या पेशी मात्र आतच राहतात, त्यामुळे रक्त दाट होतं. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, बहुतेक जण सुखरूप बरे होतात. पण आपण कोणत्या गटात आहोत, हे ताप उतरल्यावरच कळतं.

हे ज्ञान थायलंडनेच जगाला दिलं, असं म्हटलं तरी चालेल. 1958 साली बँकॉकमध्ये या आजाराची मोठी साथ आली आणि त्यात प्रामुख्याने मुलं सापडली. पुढे तिथल्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मानित्य यांनी अशा मुलांचा बारकाईने अभ्यास केला. सलाईन कधी, किती द्यायचं आणि कधी थांबवायचं, याची शिस्त त्या कामातून घडत गेली. आज वेळेवर ओळख आणि उपचार मिळाले, तर गंभीर डेंग्यूतही शंभरात एकापेक्षा कमी रुग्ण दगावतात. सगळं त्या ‘वेळेवर’ या शब्दावर अवलंबून आहे.

भारतीय प्रवाशाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं, पण नंतर दुसरा झाला तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते, कारण जुनी प्रतिपिंडं नव्या विषाणूला थोपवण्याऐवजी पेशींत शिरायला मदत करू शकतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत, 5 ते 45 वर्षं वयाच्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात आधीच्या डेंग्यूच्या खुणा सापडल्या. त्यांतल्या कित्येकांना तो साधा ताप वाटून गेला असेल. म्हणजे ‘मला पहिल्यांदाच झालाय’ हे छातीठोकपणे सांगणं आपल्यापैकी अनेकांना शक्य नाही.

घरी असतो तेव्हा आपल्यावर कुणाचं तरी लक्ष असतं. ‘अगं, सकाळपासून तू लघवीला गेली नाहीस’, ‘हात इतके गार का लागतायत?’, ‘चिडचिड का करतेयस?’ हे सगळे वैद्यकीय प्रश्न आहेत, फक्त ते आई विचारते. रक्तद्रव गळून रक्ताभिसरण कोलमडू लागतं, त्याला डेंग्यूचा ‘शॉक’ म्हणतात. त्याच्या सुरुवातीला माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो, रक्तदाबाचा वरचा आकडाही ठीक दिसू शकतो. खालचा आकडा मात्र वर सरकत त्याच्या जवळ येतो. 100 वर 80 असा रक्तदाब आणि गार पडलेले तळवे ही धोक्याची घंटा आहे. खोलीत एकट्या पडलेल्या माणसाला मात्र हे सारं ‘अशक्तपणा’ वाटतं.

म्हणून फोनवर ‘ताप आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. ताप गेल्यानंतरचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ विचारा: पोटात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय का, गेल्या सहा तासांत लघवी झाली का, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का. एका जरी प्रश्नाला काळजीचं उत्तर आलं, तर विमानतळाकडे नाही, थेट रुग्णालयाकडे. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक 1669 आणि पर्यटक पोलिसांचा 1155. डेंग्यूला थाई लोक ‘खाय लुअत ऑक’ म्हणतात, म्हणजे रक्त येणारा ताप. स्वागतकक्षातल्या माणसाला हे तीन शब्द कळतात.

गोळ्यांच्या डबीतही बघा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. या दोन्हींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा फक्त पॅरासिटामॉल, तेही दोन गोळ्यांत निदान सहा तासांचं अंतर ठेवून. थोडं थोडं ओआरएस सतत प्यावं. तापाच्या दिवसांत दिवसाही मच्छरदाणी लावावी, कारण हा डास दिवसा चावतो आणि आपल्या रक्तातून विषाणू उचलून शेजारच्या खोलीत नेतो.

आणि प्लेटलेट्स. आपल्याकडे डेंग्यू म्हटलं की सगळे तोच एक आकडा विचारतात, पपईच्या पानांच्या रसाची धावपळ सुरू होते. मला मनापासून वाटतं, की त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्याकडेही आपण बघायला शिकलं पाहिजे. रिपोर्टवर तो पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट म्हणून छापलेला असतो, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती. पहिल्या दिवशी 40 असलेला हा आकडा चौथ्या-पाचव्या दिवशी 48 झाला, तर रक्तद्रव गळतो आहे. म्हणून ताप आल्यावर लवकरच एकदा रक्त तपासून घ्यावं, नंतरच्या वाढीची तुलना करायला तो पहिला आकडा हाताशी लागतो.

दोन दिवस नीट पार पडले, की साचलेलं पाणी आपोआप रक्तवाहिन्यांत परत येऊ लागतं. तेव्हा ‘ताकदीसाठी’ म्हणून आणखी सलाईन लावून घेऊ नये, ते फुप्फुसांत उतरू शकतं. लघवी भरपूर होते, भूक लागते. काहींच्या हातापायांवर लालसर चट्टे उठतात, मधे मधे पांढरी बेटं दिसतात आणि तळव्यांना खाज सुटते. अशी खाज सुटली, पोटभर जेवण गेलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग परतीचं तिकीट काढावं.