कडलूर वालुकाश्म

तमिळनाडूच्या पूर्व किनारपट्टीवरील, बहुधा मायोसीन काळातील (सु. २.३ कोटी ते ५३ लक्ष वर्षांपूर्वीच्या) वालुकाश्मांचा शैलसमूह. हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकांच्या १८६०च्या दशकातील लेखनापासून हे नाव रूढ आहे. पुदुच्चेरीभोवतीच्या तांबड्या माळांपासून दक्षिणेस तंजावर, पुदुकोट्टई व शिवगंगेपर्यंत हे खडक तुटक तुटक उघडे पडलेले दिसतात. मधला भाग कावेरीच्या गाळाखाली गेला आहे.

खडक लोहमय, तांबडे-पिवळे, भरड व ठिसूळ असून त्यांत गारगोट्यांचे पिंडाश्म (गोटे एकत्र जखडून झालेले खडक) आणि चिकणमातीचे थर आहेत. तिर्यक् स्तरणावरून (मुख्य थरांना तिरक्या असलेल्या उपथरांवरून) ते नद्यांनी आणलेल्या गाळाचे असावेत. माथ्यावर पुष्कळ ठिकाणी जांभा आहे. थरांचा उतार समुद्राकडे व अगदी मंद आहे. पुदुच्चेरीजवळ ते क्रिटेशस (सु. १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) व त्यानंतरच्या सागरी खडकांवर विसंगतपणे (मध्ये कालखंड पडून) टेकलेले आहेत.

कालनिश्चिती हा जुना वाद आहे. निक्षेप प्रामुख्याने भूचर असल्याने सागरी जीवाश्मांचा आधार मिळत नाही. कारैकल येथे विंधनविवरांत सापडलेले सागरी शंखशिंपल्यांचे थर प्लायोसीन (मायोसीननंतरच्या, सु. ५३ ते २६ लक्ष वर्षांपूर्वीच्या काळातील) मानले जातात व ते या वालुकाश्मांच्या वर येतात. त्यावरून वरची मर्यादा ढोबळमानाने ठरते. खालच्या मर्यादेविषयी मतभेद आहेत. नेयवेली (कडलूर जिल्हा) येथील लिग्नाइट (तपकिरी कोळसा) पूर्वी याच समूहात धरून मायोसीन समजले जाई. त्यातील परागकणांवरून काहींनी त्याला इओसीनपर्यंत (सु. ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत) मागे नेले, तर काहींनी लिग्नाइटधारी थर वेगळाच शैलसमूह मानला. दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते, कारण लिग्नाइटचे वय वरच्या वालुकाश्मांना लावण्यास पुरेसा आधार नाही. ‘मायो-प्लायोसीन’ हा जुन्या ग्रंथांतला सैल शब्द म्हणूनच अजून टिकून आहे. आंध्रातील राजमहेंद्री व केरळातील वर्कला येथील वालुकाश्म याच्या समकालीन मानतात. पण त्यासाठी भर मुख्यतः खडकांच्या बाह्य सारखेपणावर दिला जातो.

या समूहाची ख्याती पुदुच्चेरीच्या वायव्येस असलेल्या तिरुवक्करै येथील अश्मीभूत वृक्षांमुळे आहे. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक सोनेरा यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची नोंद केली. खोडे ३ ते १५ मी. लांबीची, आडवी पडलेली. त्यांना मुळे, फांद्या वा पाने नाहीत. ती येथेच उभी होती असे नसून पुराने वाहून आणून वाळूत पुरली असावीत, हे मत आता सर्वमान्य आहे. पुढे भूजलातील सिलिका पेशींत साचत गेली. वार्षिक वलये व वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. येथील एका शंकुमंत (सूचिपर्णी) वृक्षाच्या लाकडास जर्मन वनस्पतिवैज्ञानिक श्लायडेन यांनी ‘प्यूस श्मिडियाना’ नाव दिले होते. भारतीय पुरावनस्पतिवैज्ञानिक बिरबल साहनी यांनी १९३१ मध्ये ते ‘मेसेंब्रिऑक्सिलॉन’ या प्रजातीत (वंशात) घातले. ब्रिटिश पुरावनस्पतिवैज्ञानिक सीवर्ड यांनी १९१९ मध्ये स्थापलेली ही प्रजाती पोडोकार्पस या शंकुमंत वृक्षासारख्या लाकडांची सोयीची टोपली आहे; नेमके नाते तीतून कळत नाही. सपुष्प वृक्षांची लाकडे संख्येने जास्त असून त्यांत डिप्टेरोकार्पेसी (साल वृक्षाच्या) कुलातील वृक्ष लक्षणीय आहेत. हे कुल आज दक्षिण भारतात प्रामुख्याने सह्याद्रीच्या दमट जंगलांत आढळते. तेव्हा किनाऱ्याकडे पाऊस अधिक असावा. खोडे म्हणजे मारल्या गेलेल्या राक्षसाची हाडे, अशी स्थानिक समजूत आहे.

पेरांबलूर जिल्ह्यातील सातनूरचे अश्मीभूत खोड पर्यटन-पुस्तिकांत याच जोडीने येते, परंतु ते क्रिटेशस काळातील असून या समूहाशी त्याचा संबंध नाही.

वालुकाश्म सच्छिद्र असल्याने त्यात भरपूर भूजल आहे. नेयवेलीत लिग्नाइटच्या खालील थरातील पाणी दाबाखाली असते. खाणीचा तळ फुटू नये म्हणून ते सतत उपसून दाब कमी राखावा लागतो.