मोडीत गेले ते आणि उरले ते: सातारा-सांगलीतल्या जुन्या घरवस्तूंची पार्श्वभूमी

सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या भांडीबाजारात जुने घंगाळ (आंघोळीच्या पाण्याचे पसरट भांडे) किंवा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आता नगावर विकला जातो. एकेकाळी हाच बंब थेट तराजूत जायचा. घरोघरच्या माळ्यावरून काय खाली आले, काय उरले आणि आज कशाची टंचाई आहे, हे वस्तूच्या वयापेक्षा मोडीच्या, म्हणजे जुने भांडे धातूच्या वजनावर देण्याच्या, व्यवहाराने जास्त ठरवले. म्हणून या टिपणात राजेरजवाड्यांपेक्षा विसाव्या शतकाला, त्यातही १९६० ते १९९० या काळाला, अधिक जागा दिली आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने आणखी शंभर वर्षे चालली. दरबारी वस्तूंचे काय झाले हा वेगळा विषय आहे. साध्या घरात अठराव्या शतकातले भांडे सापडणे विरळाच, कारण धातूचे भांडे निकामी म्हणून कधी पडून राहत नसे. बूड झिजले की तांबट त्याच धातूचे नवे घडवून देई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरातून तयार पत्रा येऊ लागला आणि भांडी स्वस्त झाली. आज 'पणजीची' म्हणून जपलेले बहुतेक हंडे आणि घंगाळी या पत्र्याच्या काळातलीच आहेत.

काळ ओळखायला भांड्यावर घातलेले नाव सगळ्यांत उपयोगी पडते. हाताने घातलेले नाव छिन्नी आणि हातोडीच्या टिंबांचे असते. टिंबांची खोली कमी-जास्त भरते आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवले की उंचवटे लागतात. यंत्राने घातलेले नाव सलग, नागमोडी थरथरीचे असते आणि मागे काही उमटत नाही. ते नंतरच्या काळातले. नावासोबत शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीला ७९. शके १८५५ च्या वैशाखातले लग्न म्हणजे १९३३. एक खूण या भागापुरतीच आहे. १९४९ साली जिल्हा विभागला गेला, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. १९६० मध्ये ते सांगली झाले. पावतीवर, पेटीवर किंवा मापावर 'दक्षिण सातारा' दिसले तर ती वस्तू, निदान तो शिक्का, या अकरा वर्षांतला.

धान्याची मापे या बाबतीत आणखी बोलकी. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दशमान मापे सक्तीची झाली आणि हा सगळा संच व्यवहारातून बाद झाला. घरात मात्र तो राहिला, तांदूळ मोजायला. दुकानातल्या मापावर तपासणीचे शिक्के एकाखाली एक ठोकलेले असतात. घरगुती मापावर ते नसतात. पूर्ण संच मिळणे अवघड, कारण चिपटे लहान म्हणून पोरांच्या खेळात हरवते आणि पायली जड म्हणून आधी मोडीत जाते. मधलेच उरतात.

दिव्यांची गोष्ट थेट या मातीतली. कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या हद्दीत, १९१६ साली काचकारखाना उभा राहिला. त्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी नाव पडले आणि तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. प्रभाकर घेताना आधी टाकीवरचे उठावाचे नाव बघावे. काच बहुधा नंतर बदललेली असते, त्यात फसवणूक मानू नये, काच फुटायचीच. टाकी मात्र तपासावी. त्यात पाणी भरून कंदील रात्रभर कागदावर ठेवला की बुडाची बारीक छिद्रे कळतात. मग तो पूर्ण वाळवून रॉकेल घालावे. ज्योत काजळी धरत असेल तर वातीला दोष देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्या बघाव्यात. बर्नरला हवा त्या नळ्यांतून मिळते आणि वर्षानुवर्षे टांगून ठेवलेल्या कंदिलात कुंभारीण माशीने तिथे मातीचे घर केलेले असते. वाकणारी तार आत सारून ती माती काढली की ज्योत सरळ होते. बाहेरून रंग देणे सगळ्यांत वाईट, कारण गंजाबरोबर उठावाचे नावही त्याखाली बुजते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या भागातल्या घरांना पाठोपाठ धक्के बसले. जानेवारी १९४८ अखेरच्या गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत खेड्यांतले अनेक ब्राह्मणांचे वाडे जळाले. पोथ्या, कपाटे, झोपाळे गेले. काही कुटुंबे शहरांत निघून गेली आणि जी धातूची भांडी उरली ती शेजाऱ्यांकडे किंवा बाजारात पोचली. एखाद्या हंड्यावरचे नाव आणि तो ज्या घरात आहे त्या घराचे आडनाव जुळत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकते. लगेच चोरीचा संशय घेऊ नये. १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांच्या नावे जमिनी झाल्या आणि खंडाचे धान्य यायचे थांबले, तशी त्या वाड्यांतली कणगी, कोठ्या, मोठ्या पराती यांची गरजच संपली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात पाटण भागातली दगडमातीची घरे पडली. २०१९ च्या कृष्णेच्या महापुराने सांगलीतल्या तळमजल्यांवरचे फोटो, दस्तऐवज आणि लाकूड भिजवले, पितळेला मात्र धुण्यापलीकडे काही लागले नाही.

तरीही आगीने, भूकंपाने आणि पुराने मिळून नेले नसेल इतके मोडीने नेले. सांगायचे ते हिशेबाचे. जुने भांडे तराजूत घातले की आधी घट वजा होते: डाकाची (सांधा जोडणाऱ्या मऊ धातूची), मळाची, काठातल्या लोखंडाची. उरलेल्या वजनाला मोडीचा दर लागतो. नवे भांडे घेताना मात्र धातूच्या दरावर घडणावळ चढते. म्हणजे जुन्या हंड्याची घडणावळ, महिनाभर ठोकलेली असो की दोन दिवसांत उरकलेली, शून्य धरली जाते. ज्या भांड्यात हाताचे काम जास्त त्याचे नुकसान जास्त. बंबाला तर दुहेरी घट, कारण विहिरीच्या जड पाण्याचा क्षार आतल्या नळीवर जाड बसलेला असतो आणि जाळी लोखंडी असते.

हा सौदा बायकांनी का केला, यावर आजही घराघरांत वाद होतो. 'आजीने सोन्यासारखी भांडी देऊन स्टीलचे डबे घेतले' असे सुनवणारे बहुतेकदा ती भांडी कधी न घासलेले असतात. भरलेली तांब्याची घागर काखेत घेऊन आडावरून आणायची, राखेने आणि चिंचेने रोज घासायची, दर काही महिन्यांनी कल्हईवाल्याची वाट बघायची, आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकून सगळ्यांची पोटे बिघडायची. स्टीलला यातले काहीच लागत नव्हते. नळ आले, मग कुकर आले, गॅस आला. कुकर गॅसवर बसतो, घंगाळ बसत नाही. त्या परिस्थितीत स्टील घेणे हा समंजस निर्णय होता. चूक झाली ती वजनाच्या दराने देण्यात. पण नगाला गिऱ्हाईकच नव्हते, तेव्हा ती चूक विकणाऱ्या बाईच्या माथी मारता येत नाही. दुष्काळी वर्षांत, विशेषतः १९७२ च्या सुमारास, माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत भांडे हीच घरची ठेव होती. ते गहाण पडले, सुटले नाही, आणि तिथून मोडीतच गेले.

मोडीने निवडही केली. जड ते आधी गेले: तांब्याचे हंडे, काशाची ताटे, बिडाचे तवे. हलके किंवा भावनेचे राहिले: अडकित्ते, पानाचे डबे, फिरकीचे तांब्ये, समया, देवपूजेची ताम्हणे. पुण्यात १९२० च्या सुमारास सुरू झालेल्या घरगुती वस्तूंच्या प्रसिद्ध संग्रहामुळे नक्षीच्या अडकित्त्याला आणि दिव्याला मान मिळाला. बिननक्षीच्या रोजच्या पातेल्याला तो मिळाला नाही, आणि आज काशाचे साधे, वापरातले ताट मिळणे नक्षीच्या पानदानापेक्षा कठीण झाले आहे.

दागिन्यांची कथा याहून कठोर, आणि तिचे एक टोक याच जिल्ह्यांत आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या कोरडवाहू तालुक्यांतली माणसे देशभरच्या सराफकट्ट्यांवर गलाईचा धंदा करतात. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे हे त्यांचे काम. या धंद्याने दुष्काळी गावांना पोसले, त्याबद्दल आदरच आहे. पण मुशीत पडलेल्या पुतळ्यांच्या माळेची पुतळी (नाण्यासारखी सोन्याची चकती) पुन्हा पुतळी होत नाही. त्यात १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आणली. अनेक सोनारांचे काम गेले आणि जुन्या घडणीचे हात पांगले. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये सुटली, सुवर्ण नियंत्रण मात्र १९९० साली उठले. पुढे गोठ, वाकी, ठुशी नव्याने घडल्या, पण त्या बहुतेक छायाचित्रांवरून.

आता विकत घेताना. लोहचुंबक खिशात ठेवावे, पण त्याचा अर्थ नीट लावावा. काठाला चुंबक चिकटले म्हणजे भांडे खोटे, हा गैरसमज आहे. हंडा आणि परात यांचा काठ लोखंडी सळईवर वळवलेला असतो. अंगाला चिकटले तर मात्र आत लोखंड आणि वर मुलामा. मठारकामाचे ठोके एकसारख्या अंतरावर, एकाच खोलीचे असतील तर ते यंत्राचे. आतून करवतीच्या दातांसारखा जोड आणि त्यावर झाळेची (सांधायला वितळवलेल्या धातूची) पिवळसर रेघ दिसली तर भांडे हाताने जोडलेले. ओढीच्या यंत्रावर निघालेल्या भांड्याला जोडच नसतो. बंब घेतला तर तो कधीही कोरडा पेटवू नये. पाणी असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही; पाणी संपले की दोनशेच्या आसपास डाक सैल होतो आणि नळी बुडाशी सुटते.

चमकवणे ही सर्वांत मोठी हानी. दुकानात तीव्र आम्लात बुडवलेले पितळ डागाडागाने लालसर पडते, कारण आम्ल जस्त खाते आणि तांबे मागे उरते. तो रंग पुन्हा पिवळा होत नाही. वरचा थर घासून काढावा लागतो आणि त्याबरोबर टिंबांचे नाव जाते. घरी कोमट पाणी, रिठा आणि मऊ ब्रश पुरतो. फारच काळवंडले असेल तर चिंचेचा कोळ चार-पाच मिनिटे लावून भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. पाणी अंगावर वाळू दिले की काळे ठिपके येतात. नावाच्या जागेवर राख किंवा विटेची पूड लावू नये. पितळी भांडी गोठ्याच्या भिंतीलगत ठेवू नयेत. मुताच्या अमोनियाने ताणलेल्या पत्र्याला काठापासून उभ्या भेगा जातात.

कल्हई फक्त रांधायच्या भांड्याला. कथील २३२ अंशांना वितळते. भट्टीवर तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की कथील पसरते आणि कापसाच्या बोळ्याने ते पुसून सारखे करतात. कल्हईवाल्याची कांडी वाकवून बघावी. शुद्ध कथील वाकताना करकरते, शिसे मिसळलेले गप्प राहते. शिशाची कल्हई राखाडी दिसते, बोटाला काळे लागते, आणि अशा भांड्यात आंबट पदार्थ करणे विषारी आहे. शोभेच्या भांड्याला नवी कल्हई करू नये. आतल्या जुन्या कल्हईच्या खुणांवरून त्याचा वापर कळतो.

कायद्याबाबत घोटाळा बराच आहे. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यात साधारणपणे शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरते, महत्त्वाचे हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचे. घरातल्या प्रत्येक जुन्या समईची नोंदणी लागते, हे खरे नाही. सक्ती ठरावीक वर्गांना आहे, मुख्यतः दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत यांची शिल्पे, चित्रे आणि सचित्र पोथ्या. देव्हाऱ्यातली शंभर वर्षांपुढची धातूची मूर्ती त्यात येऊ शकते, घंगाळ नाही. मात्र शंभरी ओलांडलेले काहीही परदेशी पाठवणे मना आहे आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या लेकीसाठी पणजीचा दिवा सामानात टाकणाऱ्यांना हे विमानतळावर कळते.

त्यापेक्षा आधी एक वही करावी. प्रत्येक वस्तूचे वजन, तोंडाचा व्यास, कोरलेला मजकूर अशुद्धासकट जसाच्या तसा, कोणाच्या माहेराहून कोणत्या लग्नात आली, डाक कुठे लावला आहे. नाव माहेरचे असेल तर ते भांडे त्या बाईचे स्त्रीधन होते, हे वाटणीच्या वेळी सगळ्यांना आठवावे म्हणून ठळक लिहावे. आणि संच मोडून प्रत्येक भावाला एकेक माप देण्याऐवजी पायलीपासून चिपट्यापर्यंत सगळे एकाच घरी ठेवावे.