जुना पटर, नवा पटर आणि वीस चेंडूंचा निवाडा

नवा पटर, म्हणजे चेंडू होलकडे लोळवायची काठी, घरी आला की गोल्फ खेळणाऱ्याला दम निघत नाही. जुना आणि नवा, दोन्ही घेऊन तो ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर जातो, होलपासून आठ फुटांवर उभा राहतो आणि वीस चेंडू जुन्याने, वीस नव्याने मारतो. जुन्याने १० आत जातात, नव्याने १३. लागला निकाल! इतकी वर्षं साथ दिलेला पटर त्याच संध्याकाळी अडगळीत जातो.

या निकालात कितपत दम आहे, हे तपासायला गोल्फ यावं लागत नाही. एक नाणं पुरतं. आठ फूट हे अंतर मी मुद्दाम घेतलं आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या फटक्यांच्या नोंदी घेऊन दाखवून दिलं, की तिथले व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच चेंडू होलमध्ये घालतात. म्हणजे त्यांच्यासाठी हा फटका छापा-काट्यासारखाच. हौशी खेळाडूचं प्रमाण आणखी कमी, पण हिशेबाची जात तीच.

आता एकच नाणं आधी २० वेळा उडवा आणि छापे मोजा. मग तेच नाणं आणखी २० वेळा उडवा. दोन्ही खेपांच्या छाप्यांमध्ये तीन किंवा त्याहून जास्त अंतर पडण्याची शक्यता किती? तब्बल ४३ टक्के. नाणं तेच, हात तोच, तरी जवळजवळ निम्म्या वेळा एक खेप दुसरीपेक्षा ‘सरस’ ठरणार. १० विरुद्ध १३ या निकालाचं वजन एवढंच.

मग चेंडू वाढवावेत का? जरूर, पण किती ते ऐका. समजा नवा पटर खरोखरच चांगला आहे आणि त्याने शंभरात ५० ऐवजी ५५ चेंडू आत जातात. पटिंगमध्ये ही फार मोठी सुधारणा झाली. ती योगायोगापासून वेगळी ओळखता यावी, निदान पाच चाचण्यांपैकी चारमध्ये तरी दिसावी, अशी अपेक्षा असेल तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रानुसार प्रत्येक पटरने दीड हजारांहून जास्त चेंडू मारावे लागतात. दोन्ही मिळून तीन हजार. तेवढ्यात पाठ धरेल, गवत तुडवलं जाईल, आणि मुख्य म्हणजे खेळाडूच बदललेला असेल. तीन हजार फटक्यांचा सराव झाल्यावर त्याचं पटिंग सुधारलं, तर श्रेय कुणाला द्यायचं?

तर गडबड चेंडूंच्या संख्येत आहेच, पण त्याहून मोठी गडबड प्रश्नात आहे. ‘आत गेला की नाही’ हे मोजमाप फार ढोबळ आहे. काठाला चाटून गेलेला चेंडू आणि दोन फूट बाजूने गेलेला चेंडू, दोघांनाही शून्यच गुण. शिवाय नव्या पटरचा जो काही फायदा असेल, तो आठ फुटांवर दिसण्यासारखा असतो का? त्यासाठी पटरच्या हेडमध्ये, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या खालच्या डोक्यात, डोकवावं लागतं.

पटर हे गोल्फच्या पिशवीतलं सगळ्यात साधं हत्यार. चेंडू उडवायचा नाही, नुसता लोळवायचा. त्याच्या फेसला, म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या सपाट बाजूला, तीन-चार अंशांचा किंचित उतार असतो, कारण थांबलेला चेंडू गवतात थोडा रुतून बसलेला असतो आणि त्याला आधी त्या खळगीतून बाहेर काढावं लागतं. फटका बसल्यावर चेंडू लगेच लोळत नाही. आधी घसरतो, घर्षणाने हळूहळू गिरकी घेतो आणि मग लोळू लागतो. अजिबात गिरकी नसताना निघालेला भरीव, एकजिनसी गोल नीट लोळू लागेपर्यंत त्याचा वेग सुरुवातीच्या पाच-सप्तमांश उरतो. हा आकडा पृष्ठभाग खडबडीत आहे की गुळगुळीत यावर अवलंबून नसतो, ही मला यांत्रिकीतली एक देखणी गोष्ट वाटते. पृष्ठभाग ठरवतो तो फक्त घसरगुंडी किती लांब चालणार एवढंच.

पटरमधली खरी क्रांती मात्र वेगळ्या दिशेने आली. कार्स्टन सोल्हाइम हे नॉर्वेत जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले अभियंते जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होते. गोल्फ त्यांनी चाळिशी उलटल्यावर हातात घेतला आणि पटिंग काही केल्या जमेना. त्यांनी दोष हाताला न देता हत्याराला दिला (खेळाडू हे नेहमीच करतात, पण यांच्याकडे हिशेब होता). तेव्हाच्या ब्लेड, म्हणजे पातळ पट्टीसारख्या हेडच्या, पटरमध्ये धातू फेसभर सारखा पसरलेला असे. चेंडू मधोमध न लागता जरा बाजूला लागला की हेड हातातल्या हातात वळे. सोल्हाइम यांनी मधला धातू काढून दोन्ही टोकांना नेला. १९५९ साली बनलेल्या त्या पटरने चेंडू मारला की ‘पिंग’ असा आवाज येई, आणि तेच कंपनीचं नाव झालं. १९६६ साली आलेल्या त्यांच्या ‘आन्सर’ या पटरचा आकार इतका रुजला, की आजही निम्मीअधिक दुकानं त्याच्या भावंडांनी भरलेली वाटतात.

टोकाला वजन नेल्याने काय होतं, हे खुर्चीवर बसून कळतं. फिरत्या खुर्चीवर गिरकी घेताना हात पसरले की वेग मंदावतो. वजन अक्षापासून जितकं दूर, तितकं वळवणं जड. या गुणाला जडत्व आघूर्ण म्हणतात. आजचे मोठ्या डोक्याचे मॅलेट पटर याच तत्त्वावर बनतात. जुन्या ब्लेडचं जडत्व आघूर्ण साधारण ३५०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर धरलं, तर मॅलेटचं त्याच्या दुप्पट सहज असतं.

आता एक ढोबळ हिशेब करू. ३५० ग्रॅमचं हेड, ४६ ग्रॅमचा चेंडू, आणि फटका मधापासून दीड सेंटिमीटर चुकलेला. ब्लेड असेल तर चेंडूचा वेग अडीच टक्क्यांनी कमी पडतो. चेंडू किती लांब जाईल हे साधारण वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणून अंतरात पाच टक्क्यांची तूट येते. दुप्पट आघूर्णाच्या मॅलेटमध्ये हीच तूट अडीच टक्के. आठ फुटांवर याचा अर्थ १२ सेंटिमीटरऐवजी ६ सेंटिमीटर. चेंडू होलच्या जरा पुढे जाईल इतपत जोराने मारला असेल, तर ही दोन्ही नुकसानं पोटात घालण्यासारखी आहेत. तीस फुटांवरून मात्र ती ४५ सेंटिमीटर आणि २३ सेंटिमीटर होतात. पुढचा फटका डोळे मिटून मारता येईल की छातीत धडधडेल, हे इतक्या फरकाने ठरू शकतं.

म्हणजे नव्या पटरचं बळ लांबच्या फटक्यात, आणि आपण परीक्षा घेतो जवळच्या फटक्याची. वर हा तोटा फटका मधापासून जितका चुकला त्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दीड सेंटिमीटरऐवजी पाऊण सेंटिमीटर चुकलात, तर नुकसान निम्मं नव्हे, जवळपास चौथा हिस्सा होतं. ज्याचा फटका मुळातच मधोमध बसतो त्याला मोठ्या डोक्याच्या पटरचा या बाबतीत फारसा उपयोग नाही. तेव्हा पटर तोलण्याआधी स्वतःचा फटका कुठे लागतो ते पाहावं. फेसवर खडूची पूड चोळून दहा चेंडू मारले की डाग सगळी हकिगत सांगतात. विकत घेण्याआधी करायची खरी चाचणी हीच, असं माझं मत आहे, आणि तिला नवा पटर लागतही नाही.

जवळच्या फटक्यात निकाल लावते ती दिशा. होलचा व्यास १०.८ सेंटिमीटर. दहा फुटांवरून पाहिलं तर मध्यापासून काठापर्यंतचा भाग जेमतेम एक अंशाचा भरतो. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः टकरीच्या क्षणी फेस कुठे पाहत होता यावर ठरतं. पटर कोणत्या वाटेने आला याचा वाटा त्यामानाने लहान. म्हणजे सगळा खेळ एका अंशाच्या आतबाहेर. इथे जुन्या पटरची बाजू अचानक भक्कम होते. वर्षानुवर्षं एकच पटर धरलेल्या माणसाच्या हाताने त्या पटरच्या खोडी पोटात घातलेल्या असतात. पटर जरा डावीकडे पाहतोय असं वाटायला लावत असेल, तर हात नकळत उजवीकडे झुकतो. दोन चुका एकमेकींना खातात आणि चेंडू सरळ जातो. नवा पटर निर्दोष असला, तरी हाताची ती जुनी भरपाई चालूच राहते आणि चेंडू उजवीकडून जातो. पहिल्या दिवशी नव्या पटरवर होणारा अन्याय हा असा असतो.

पहिल्या दिवशी त्याच्यावर मेहेरनजरही असते. २०११ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या हाती एकच पटर दिला, पण काहींना सांगितलं की हा बेन कर्टिस यांचा आहे. कर्टिस म्हणजे २००३ सालचे ब्रिटिश ओपन विजेते. ज्यांना हे सांगितलं, त्यांनी होलचं चित्र काढताना ते इतरांपेक्षा मोठं काढलं आणि दहापैकी जास्त चेंडू आत घातले. धातू तोच, बदलली फक्त गोष्ट. मात्र अशा प्रयोगांवरही डोळे झाकून विसंबू नये. याच्या वर्षभर आधी जर्मनीतल्या संशोधकांनी ‘हा चेंडू नशीबवान आहे’ एवढं सांगितल्याने पटिंग सुधारतं, असं दाखवलं होतं. पुढे दुसऱ्यांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा तो परिणाम सापडला नाही. थोड्या चेंडूंच्या निकालावर भुलायचा मोह संशोधकांनाही सुटत नाही म्हणायचा.

आणखी एक चकवा वेळेचा. नवा पटर माणूस कधी आणतो? पटिंगची अगदी वाट लागलेली असते तेव्हा. वाईट काळ बराचसा योगायोगाचाच असेल, तर तो कुणी काही न करताही ओसरतो आणि खेळ आपल्या सरासरीकडे परततो. ताप आपोआप उतरायच्या दिवशी घेतलेल्या औषधाला जसं श्रेय मिळतं, तसं ते नव्या पटरला मिळतं. १९०४ सालची गोष्ट घ्या. अमेरिकेचे वॉल्टर ट्रॅव्हिस ब्रिटिश अमॅच्युअर या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेसाठी इंग्लंडला गेले. सरावात पटिंग साफ बिघडलेलं. ऐन वेळी सोबत्याकडचा ‘स्कनेक्टडी’ पटर उसना घेतला. त्याची दांडी हेडच्या टोकाला नव्हे, मधल्या भागात बसवलेली होती, आणि तो घडवणारे आर्थर नाइटही जनरल इलेक्ट्रिकचेच. ट्रॅव्हिस स्पर्धा जिंकले. ती जिंकणारे ते पहिले परदेशी. पुढे १९१० मध्ये ब्रिटनच्या नियमकर्त्यांनी अशा पटरवर बंदी घातली आणि ती चार दशकं टिकली. पटरने चमत्कार केला, की बिघडलेला हात आपोआप जागेवर येण्याच्या बेतात होता? एका स्पर्धेवरून ते सांगता येणार नाही. मला तर संशय येतो, की बंदी घालणाऱ्यांनीही आपले वीस चेंडूच मोजले.

तरी चाचणी करायचीच असेल, तर ती अशी करावी. आधी नव्या पटरला महिनाभर हाताची सवय होऊ द्यावी, नाहीतर आपण पटर नव्हे, अनोळखीपणा मोजतो. मग तीस फुटांवर उभं राहावं, आत गेलेले चेंडू मोजायचे नाहीत. प्रत्येक चेंडू होलपासून किती अंतरावर थांबला ते टेपने मोजून लिहावं. असा प्रत्येक चेंडू ‘आत की बाहेर’पेक्षा कितीतरी जास्त माहिती देतो. आधी सगळे जुन्याने आणि मग सगळे नव्याने असं कधीच करू नये. दुसऱ्या खेपेपर्यंत उताराचा अंदाज आलेला असतो, आणि तो सगळा फायदा नव्याच्या खात्यात जमा होतो. प्रत्येक फटक्याआधी नाणं उडवावं, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा. चार-पाच फटक्यांनी जागा बदलावी. किती चेंडू मारायचे ते सुरुवातीलाच कागदावर लिहावं, कारण मनासारखा निकाल दिसला की थांबायचा मोह सगळ्यांनाच होतो. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी हे करावं. गवताची उंची, ओल, वारा, झोप, सगळंच रोज बदलतं.

एक त्रुटी तरीही उरते. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की खोटी, ते कळू देत नाहीत. हातातला पटर कोणता हे खेळाडूपासून लपवणार कसं? ते जमत नाही. पण मोजणाऱ्यापासून लपवता येतं. टेप घेतलेल्या मित्राने फटक्याच्या वेळी पाठ करून उभं राहावं आणि चेंडू थांबल्यावरच वळावं, म्हणजे आवडत्या पटरला दोन सेंटिमीटर सूट मिळत नाही. फक्त दोन्ही पटरांचा आवाज वेगळा असेल, आणि तो असतोच, तर मित्राच्या कानात कापसाचे बोळे घालायला विसरू नका.