वाड्यातले रुमाल गेले कुठे? सातारा-सांगलीच्या जुन्या कागदांची पार्श्वभूमी

वाईजवळच्या मेणवलीला लोक जातात ते घाट बघायला, वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा बघायला, आणि आता जास्त करून तिथे पिक्चरची शूटिंगं झाली म्हणून. गाव नाना फडणवीसांना १७६८ च्या सुमारास औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळालं, मग त्यांनी तिथे सहा चौकी वाडा बांधला. वाडा सुंदरच आहे, पण माझ्या मते त्याची खरी दौलत म्हणजे तिथे जपलेले मोडी कागद, ज्याला अभ्यासक मेणवली दप्तर म्हणतात. ते दप्तर आज मेणवलीत नाही, साताऱ्यातही नाही. ते कसं गेलं आणि मिरज-सांगलीकडचं दप्तर कसं छापून आलं, तेच इथे सांगतोय.

आधी हा कागद असतो कसा ते बघा. हातकागद, घोटून गुळगुळीत केलेला, कडेला घडी घालून सोडलेला समास. शाई काजळीची, त्यात बाभळीचा डिंक, त्यामुळे अडीचशे वर्षांनीसुद्धा अक्षर काळंभोर दिसतं, फक्त पाणी लागलं की संपलं. आधी वरची रेघ आडवी सरळ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता भराभर लिहीत जायचं, शब्द कुठे तुटतो ते आपलं आपण ओळखायचं. मजकूर लांबला की खाली दुसरा कागद चिकटवायचा, आणि महत्त्वाचा दस्तऐवज असेल तर त्या सांध्यावर मागून शिक्का मारायचा, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलला तर लगेच कळणार. असे कागद फडक्यात बांधून ठेवायचे, तेच रुमाल. तारखेची तर वेगळीच तऱ्हा, महिना मुसलमानी आणि वर्ष शुहूर सनाचं, मृगापासून सुरू होणारं, तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत. पानिपत झालं ते साल म्हणजे इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, त्यात ५९९ मिळवले की १७६० आणि मृगाच्या आधीचा महिना असेल तर ६०० मिळवायचे, म्हणून जानेवारीतलं पानिपत १७६१. एकदा हे डोक्यात बसलं की पत्र वाचायला जाम मजा येते.

आता हे कागद का टिकले? इतिहासाच्या प्रेमापोटी नाही, वतनापोटी. इंग्रजांनी इनाम कमिशन बसवलं, १८५२ चा कायदा आला आणि जमीन कुठल्या सनदेने खाता ते दाखवा म्हणाले, तेव्हापासून घरातला एकेक कागद जिवापाड जपला गेला. त्याच भीतीने लोक परक्या माणसाला कागद दाखवायलाही तयार नसायचे, न जाणो सरकारात कळलं आणि इनाम गेलं तर काय करायचं. नंतरच्या इतिहास संशोधकांना याचा भयंकर त्रास झाला. त्यात साताऱ्याचं राज्य डलहौसीने १८४८ मध्ये खालसा केलं, पटवर्धनांची सांगली-मिरजेची संस्थानं मात्र १९४८ पर्यंत राहिली. मला वाटतं तिकडचं दप्तर जागच्या जागी सापडण्यामागे हे मोठं कारण असावं.

मिरजेत ते सापडलं एका मास्तरांना. वासुदेवशास्त्री खरे, जन्म गुहागरचा १८५८ चा, मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. पटवर्धनांचे रुमाल सोडून वाचायचे, नकला करायच्या, आणि १८९७ पासून त्यांनी ते 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने छापायला घेतलं. शाळा सांभाळून हे काम १९२४ ला ते जाईपर्यंत चालू होतं. आज पानिपत, हैदरअलीवरच्या मोहिमा, खर्ड्याची लढाई यावर कोणीही काही लिहिलं तरी खरेशास्त्र्यांच्या संग्रहाशिवाय पुढे जाता येत नाही. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव सांगली जिल्ह्यात किती पोरांना माहीत असेल? मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्याच सुमाराला वाईत इतिहास संशोधक वि. का. राजवाडे यांच्या हाती पानिपतच्या काळातली पत्रं लागली आणि १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला.

साताऱ्यात हे काम केलं रावबहादूर द. ब. पारसनीसांनी. त्यांनी कागदच नाही तर जुनी चित्रं, नकाशे, वस्तू सगळं गोळा केलं, १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' मासिक काढलं, मेणवली दप्तर मिळवलं, साताऱ्यात संग्रहालय उभं करायला घेतलं. साताऱ्याजवळच्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा, म्हणजे बाजीराव पेशव्यांच्या गुरूंचा, पत्रव्यवहार त्यांनीच पुढे आणला, ज्यात बाजीरावासारखा माणूस सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजल्याचं स्वामींना कळवतो. लढाया जिंकणाऱ्या माणसाच्या डोक्यावर किती कर्ज होतं ते असं त्याच्याच शब्दांत कळतं. पारसनीस १९२६ मध्ये वारले आणि १९३९ ला हा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे नीट राहिला हे चांगलंच झालं, पण साताऱ्याच्या माणसाला आपल्या शेजारच्या मेणवलीचा कागद बघायला पुणं गाठावं लागतं हेही खरंच.

माझं म्हणणं एवढंच की या कागदांमधून आपण लढाया तेवढ्या उचलल्या आणि बाकीचं मागे टाकलं. धान्याची धारण म्हणजे भाव काय चाललाय, पाऊस कुठे पडला, कोणाला ताप आलाय आणि वैद्याने काय दिलंय, मुलीचं स्थळ कुठे बघितलं, उंट मेला, घोडं लंगडतंय, सगळं त्याच पत्रात मोहिमेच्या बातमीला लागून असतं. सवाई माधवरावांचं लग्न १७८३ ला झालं, त्याच्या व्यवस्थेच्या याद्यांत पाहुण्यांना सामोरं कोणी जायचं, कोणाला कुठे बसवायचं, पंगत कशी वाढायची इथपर्यंत लिहिलंय. अठराव्या शतकातलं घर कसं चालायचं हे यापेक्षा जवळून कुठे दिसणार!

अजूनही वाई, कऱ्हाड, मिरज, तासगाव भागात जुन्या घरांच्या माळ्यावर रुमाल असू शकतात. तुमच्याकडे असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच, ओल्या हाताने घडी उलगडू नका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सरकारचं पुराभिलेखागार आहे, तिथे वाचणारी माणसं भेटतात. दाखवायला मोबाईलवर फोटो काढणार असाल तर पाठीचाही काढा, सांध्यावरचा शिक्का मागच्या बाजूलाच असतो.