'फ्रायर' होण्याची भीती: इस्रायली प्रवाशांच्या घासाघिशीमागचा इतिहास

गोव्यात हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा हरमलच्या किनाऱ्यावर इस्रायली तरुणांना भाव करताना पाहिलं, की 'फार उद्धट लोक' असं मत पटकन बनतं. मला ते अन्यायाचं वाटतं.

हिब्रूत 'दुगरी' नावाचा एक शब्द आहे. मूळ तुर्की, अर्थ सरळ किंवा खरा. अरबीतून तो हिब्रूत आला. पूर्व युरोपातून पॅलेस्टाइनमध्ये आलेल्या ज्यूंची तिथेच जन्मलेली मुलं किब्बुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्त्यांमध्ये, आणि सैन्याच्या तुकड्यांमध्ये वाढली. वाडवडिलांच्या अदबशीर, वळसे घेत बोलण्यात त्यांना परक्या सत्तेपुढची लाचारी दिसे. म्हणून आडपडदा न ठेवता बोलणं हाच त्यांनी प्रामाणिकपणा मानला. या पिढीला 'साब्रा' म्हणत, म्हणजे निवडुंगाचं बोंड: बाहेर काटे, आत गोड. त्यात हिब्रूत तू-तुम्ही हा भेदच नाही. पुरुष असेल तर 'अता', बाई असेल तर 'अत', मग समोर सेनाधिकारी असो की भाजीवाला. पंतप्रधान झालेल्या बेंजामिन नेतान्याहूंनाही लोक सरसकट 'बिबी' म्हणतात.

दुसरा शब्द 'फ्रायर', यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून आलेला. अर्थ: सहज गंडवला जाणारा भोळा माणूस. 'मी फ्रायर नाही' हे तिथे रांगेत, रस्त्यावर, दुकानात सतत ऐकू येतं. जास्त पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा आपण फसलो ही लाज मोठी.

जानेवारी १९९२मध्ये भारत आणि इस्रायलमध्ये पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि सक्तीची लष्करी सेवा संपवलेले तरुण मोठ्या संख्येने इकडे येऊ लागले. मुलांची सेवा अडीच-तीन वर्षांची, मुलींची साधारण दोन. त्यानंतरची ही 'मोठी सफर' कित्येक महिने चालते, तीही साठवलेल्या पैशांवर. कोणत्या गावात खोलीला किती द्यायचे हे आधी येऊन गेलेल्यांकडून कळलेलं असतं. त्याहून जास्त भाव सांगितला की फ्रायरची भीती जागी होते आणि आवाज चढतो. आपल्याकडचा दुकानदार मात्र घासाघीस करतानाही चार शब्द गोड बोलायची अपेक्षा ठेवतो. ती अपेक्षा रास्तच आहे, आणि पाहुण्यांनी ती शिकून घ्यायला हवी.

कोकण-मुंबईतून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, हाच फरक उलट बाजूने अनुभवला. सासूला, शेजाऱ्याला, मास्तरांना 'अहो' म्हणणारी मराठी घेऊन ते तिथल्या दिमोना, अश्दोद या शहरांत पोचले. तिथल्या शाळेत त्यांची मुलं शिक्षकांना नावाने हाक मारायला शिकली.