शाफ्टवरचं अक्षर आणि व्हाईसमधले झोके

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. तिथे त्याला गोल्फचा नाद लागला. यंदा गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आला तो दोन जुने ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचे गोल्फ क्लब (काठ्या), घेऊनच. विकणाऱ्याने आठवडाभर वापरून बघायला दिले होते. एकाच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, ‘आर’ म्हणजे रेग्युलर, दुसऱ्यावर ‘एस’ म्हणजे स्टिफ, ताठ. “मामा, मी जोरात मारतो, म्हणजे मला एसच लागणार ना?”

हा समज सार्वत्रिक आहे, आणि चुकीचा आहे. या अक्षरांमागे सर्वांनी मान्य केलेलं माप नाही. एका कंपनीचा ‘एस’ दुसरीच्या ‘आर’पेक्षा नरम निघू शकतो. शिवाय जुन्या क्लबचा शाफ्ट मध्ये कधी बदललेला किंवा कापून आखूड केलेला असू शकतो.

म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाचे सुटे भाग करणाऱ्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. ग्रिपला, म्हणजे मुठीला, फडकं गुंडाळून वरचे पाच इंच व्हाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, आवळले, क्लबचं डोकं खाली दाबून सोडून दिलं आणि मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला. दहा झोक्यांना किती चित्रं लागली, तेवढं मोजायचं.

शाळेत टेबलाच्या कडेवर पट्टी दाबून टर्रर्र वाजवली नाही असा कोण आहे? पट्टी बाहेर जास्त काढली की आवाज जाड, आत सरकवली की बारीक. तेच गणित इथे आहे. झोक्यांची गती ताठरपणाला वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. ताठरपणा मात्र लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्हाईसपासून डोक्यापर्यंत ४० इंच असलेला शाफ्ट एक इंच कापला, तर ४० भागिले ३९, त्याचा घन, म्हणजे ताठरपणा जवळपास आठ टक्क्यांनी वाढतो. वर्गमूळ घेतलं की मिनिटाला २५० झोक्यांचे २६० होतात. व्यासाचा परिणामही असाच मोठा: पातळ नळीचा ताठरपणा त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतो, जाडीच्या मात्र सरळ प्रमाणात. म्हणून वजन न वाढवता ताठ शाफ्ट हवा असेल, तर नळी रुंद आणि भिंत पातळ करतात. पूर्वी हे दांडे हिकरीच्या भरीव लाकडाचे असत. ब्रिटनमध्ये पोलादी शाफ्टला परवानगी मिळाली ती १९२९ साली. तरी पुढच्याच वर्षी अमेरिकी गोल्फपटू बॉबी जोन्सने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच क्लबांनी.

आमचे आकडे असे आले. ‘एस’: दहा झोक्यांना ५८१ चित्रं, म्हणजे मिनिटाला साधारण २४८. ‘आर’: ५६२ चित्रं, म्हणजे २५६. दोन्हींची लांबी सारखीच होती. डोक्यासकट अख्खा क्लब म्हणून बघितलं तर ‘आर’च जास्त ताठ! भाच्याला दोनदा मोजून मगच पटलं.

दुसरा समज असा, की शाफ्ट चाबकासारखा फटका देतो, म्हणून चेंडू लांब जातो. चेंडू आणि डोकं एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद. शाफ्टच्या एका झोक्याला त्याच्या सुमारे पाचशे पट वेळ लागतो. चेंडू निघून जातो तेव्हा आदळण्याची बातमी हातापर्यंत पोहोचून परत आलेलीही नसते. शाफ्टचं खरं काम त्याआधीचं: डोकं कोणत्या कोनात आणि कुठे येऊन पोहोचेल ते ठरवणं. तेव्हा ‘हा शाफ्ट वीस यार्ड वाढवतो’ या जाहिरातीवर पैसे घालू नका.

‘आर’ ठेवायचं ठरलं. निघताना ग्राफाइटच्या, म्हणजे कार्बनच्या तंतूंच्या, शाफ्टवरून मी सोलापुरी टॉवेल हलक्या हाताने फिरवला. टॉवेलच्या फासांपासून बारीकसं कुसळही लपत नाही. ‘आर’च्या डोक्याजवळ, मानेच्या वर, धागा अडकला. नखाने चाचपलं तर तंतू सुटत होते. झोक्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण व्हाईसमध्ये टोकाजवळ वाकण्याचा ताण अगदी कमी असतो. चेंडूवर आदळताना मात्र तोच भाग सोसतो. भाच्याने दोन्ही ड्रायव्हर पुन्हा पिशवीत भरले.